वापरात असलेल्या खाटा

माझं काम दुसऱ्यांसाठी हात पसरण्याचं आहे. छोट्या संस्थांची पत्रकं लिहायची, देणगीदारांना फोन करायचे, एकाला तीनदा विचारायचं आणि चौथ्यांदा विचारताना जणू पहिल्यांदाच विचारतेय असा चेहरा करायचा. ऑफिसात याला ‘निधी-साहाय्य’ म्हणतात. घरी मी त्याला सरळ भीक म्हणते, आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. मागणारा निदान तोंडावर सांगतो की मला हवंय आणि तुझ्याकडे आहे. लाज वाटायला लागली ती आम्ही मागणं सोडून ‘गुंतवणुकीची संधी’ देऊ लागलो तेव्हापासून.

हे सगळं आमच्या साहेबांमुळे. ते कुठल्याशा परिषदेला गेले आणि परत आले ते वेगळीच भाषा बोलत. देणगीचे दिवस संपले म्हणे. पैसेवाल्यांना आता नुसतं द्यायचं नाहीये, सामाजिक कामात पैसे गुंतवायचेत. काम चांगलं झालं पाहिजे आणि पैसेही थोडे वाढून परत आले पाहिजेत.

“म्हणजे पुण्यही हवं आणि व्याजही,” मी म्हटलं.

साहेब हसले. त्यांना राग येत नाही, तो त्यांचा गुण आहे. ऑफिसातला सगळा राग माझ्याच वाट्याला आलाय.

या नव्या प्रकारासाठी त्यांनी पहिली संस्था निवडली ती सिस्टरची.

सिस्टर म्हणजे एक निवृत्त नर्स. तिला नाव असणारच, पण तिच्या भावालाही ते चटकन आठवत नाही, तोही तिला सिस्टरच म्हणतो. एका जुन्या इमारतीच्या खालच्या गॅरेजमध्ये तिने आजारी माणसांच्या वस्तू ठेवल्या होत्या. व्हीलचेअर, वॉकर, कमोडच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या आणि दांडा फिरवून डोक्याकडची बाजू वर करता येते अशा लोखंडी खाटा. ज्याला गरज असेल त्याने यायचं आणि न्यायचं. भाडं नाही, डिपॉझिट नाही. गॅरेजमध्ये कायम फिनाईलचा आणि तेल घातलेल्या चाकांचा वास असायचा. कोपऱ्यात एक स्टूल होतं, त्यावर बसून सिस्टर लोकांना दमात घ्यायची.

तिचा नियम एकच होता. काम झालं की वस्तू गॅरेजमध्ये आणून टाकायची नाही. ती घासूनपुसून स्वच्छ करायची आणि पुढच्या गरजू घरी आपण स्वतः नेऊन पोचवायची. नुसती पोचवायची नाही, कशी वापरायची ते दाखवूनच निघायचं. पुढचं घर कुठलं ते सिस्टर सांगायची. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांनाही यातून सुटका नव्हती.

मला सुरुवातीला हा छळ वाटला होता. मग एकदा एका नळ दुरुस्त करणाऱ्याबरोबर मी गेले. त्याची आई नुकतीच गेली होती. तिची खाट घेऊन तो एका अनोळखी घरी पोचला, तिथल्या म्हाताऱ्याला कुशीवर कसं वळवायचं, उशी गुडघ्यांच्या मध्ये का ठेवायची, हे त्याच्या मुलाला अर्धा तास दाखवत बसला. बोलताना एकदाही अडखळला नाही. बाहेर आल्यावर जिन्यात बसून भरपूर रडला. पुढे तो त्या घरी दर आठवड्याला जात राहिला, कधी नळ बघायला, कधी उगाच. आणि त्या घरातून ती खाट वेळेवर पुढे गेली, कारण ती कोणी आणून दिली होती ते त्या माणसांच्या डोळ्यांसमोर होतं.

खाटा मात्र कायम कमी पडायच्या. तेवढ्यासाठीच सिस्टर साहेबांच्या गळाला लागली.

असे पैसे गुंतवणाऱ्या एका फंडाकडून एक तरुण आला. मऊ बोलायचा, स्वच्छ शर्ट, सगळ्यांना ‘मॅडम’ म्हणायचा. त्याच्या प्रत्येक सादरीकरणात वर जाणारा एक हिरवा बाण असायचा, म्हणून मी त्याला बाण म्हणायला लागले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

बाणाने योजना समजावली. फंड नव्या खाटा घेणार, एक गाडी देणार, अ‍ॅप बनवून देणार. माणसं घरीच खाटेवर राहिली की सरकारी दवाखान्यांवरचा ताण कमी होणार. त्या बचतीतून सरकार फंडाला पैसे परत करणार, वर थोडे वाढवून. अट एवढीच, खाट एका घरात सलग सहा महिने वापरात राहिली तरच ती मोजली जाणार. आणि पैसे फिटेपर्यंत खाटा फंडाच्या मालकीच्या.

“आणि पोचवायचं काय?” सिस्टरने विचारलं. “माझी माणसं पोचवतात ते?”

“मॅडम, त्याची आता गरज नाही. गाडी नेईल, गाडीच आणेल. दुःखात असलेल्या कुटुंबांवर आपण कामाचा भार टाकतो, ते बरोबर दिसत नाही.”

वाक्य अगदी सभ्य होतं. दारात खाटेसाठी माणसं उभी होती. तिने सही केली.

वर्षभरात गॅरेज चकाचक झालं. स्टूल गेलं, काउंटर आला. प्रत्येक खाटेवर नंबराचं स्टिकर लागलं. डिपॉझिट सुरू झालं. भिंतीवर एक पडदा लावला होता, त्यावर वापरात असलेल्या खाटांचा आकडा सतत दिसायचा, नेहमी हिरवा. फंडाच्या मासिकात सिस्टरचा फोटो छापून आला. आणि रंगारी रोज दारात येऊन उभा राहायला लागला.

रंगारी म्हणजे ज्याने गॅरेजची पाटी फुकट रंगवून दिली होती तो. त्याची बायको मणक्याच्या ऑपरेशननंतर कमरेखाली हलत नव्हती. जमिनीवर गादी घालून तिला झोपवलं होतं. तो एकटा तिला उचलायचा, बसवायचा, पुसायचा, आणि मग शिडीवर चढून लोकांच्या भिंती रंगवायचा.

“सिस्टर, पाठीला जखमा व्हायला लागल्यात,” तो सांगायचा. “एक बरी झाली की दुसरी होते. खाट मिळाली तर दोन बोटं वर तरी येईल ती.”

“सगळ्या बाहेर आहेत रे बाबा.”

“एवढ्या नवीन आल्या, सगळ्या?”

सिस्टर पडद्याकडे बोट दाखवायची. पडदा हिरवा. रंगारी मान हलवायचा आणि निघून जायचा. पंचवीस वर्षं वॉर्डात काढलेली ही बाई, पाठीच्या जखमा म्हणजे काय हे तिला कोणी सांगायला नको होतं. तो गेला की ती काउंटरवर हाताचे तळवे दाबून उभी राहायची.

तेवढ्यात फंडाचा वार्षिक कार्यक्रम आला. गुंतवणूकदारांसमोर वाचायला बाणाला एक हृदयस्पर्शी कहाणी हवी होती. ती लिहायला अर्थात मी.

“सगळ्यात जास्त दिवस खाट वापरणारं घर घ्या मॅडम,” तो म्हणाला. “आपली सर्वोत्तम खाट.” आणि त्याने मला पत्ता दिला.

घर एका इस्त्रीवालीचं होतं. दार उघडं होतं, आत गरम कपड्यांचा वास. ती टेबलाशी उभी राहून शर्टाची कॉलर दाबत होती. खोलीच्या मध्यावर आमची लोखंडी खाट, स्टिकरसकट. तिच्यावर कपड्यांचे गठ्ठे, प्रत्येकावर गिऱ्हाइकाची चिठ्ठी. डोक्याकडची बाजू थोडी वर केलेली होती, म्हणजे गठ्ठे घसरत नव्हते.

खाट तिच्या सासऱ्यांसाठी दिलेली होती. मी त्यांची चौकशी केली. तिने इस्त्री उभी ठेवली.

“ते गेले की हो. पावणेदोन महिने झाले असतील तेव्हा, खाट आल्यापासून. आता वर्ष होत आलं.”

“मग खाट?”

“न्या ना. मी कधीची वाट बघतेय, कोणी येईल म्हणून. आधी कसं, सिस्टर निरोप द्यायच्या म्हणे, अमक्याकडे पोचवा. आम्हाला कोणाचा निरोपच नाही. गाडी बोलवायला फोनमध्ये बटण दाबा म्हणाले. ह्यांनी दाबलं होतं एकदा.”

“मग?”

तिने पदराला हात पुसले. मग तिने नवऱ्याचा फोन आणला आणि मला दाखवला. ‘सेवा समाप्त करा’ असं लाल बटण होतं. ते दाबलं की कारण विचारायचं. खाली पर्याय होते: रुग्ण बरा झाला, पत्ता बदलला, सेवेबद्दल असमाधानी, इतर.

“माझे सासरे ‘इतर’मध्ये,” ती म्हणाली. “हे दाबायचं आणि मग चांदण्या द्यायच्या, अनुभव कसा वाटला म्हणून. ह्यांनी फोन भिंतीवर आपटला. ही काच तेव्हाचीच गेलेली आहे. नंतर दोघांनीही तो विषय काढला नाही. डिपॉझिट भरलंय, तर राहू दे म्हटलं. पण रात्री ती रिकामी दिसायची ना, म्हणून मग कपडे ठेवायला लागले.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या घरात नव्हे, तिथे मी चहा घेतला आणि तिचा हात धरला. रस्त्यावर आल्यावर गेली. एक माणूस मेला होता, त्याची खाट कपडे वाहत होती आणि हिरव्या पडद्यावर ती आमची सर्वोत्तम खाट होती. कारण जिवंत माणसं एका जागी राहत नाहीत. कोणी बरं होतं, कोणी तीन आठवड्यांत जातं आणि सहा महिने भरतच नाहीत. सहा महिने इमानेइतबारे भरतात ती मेलेली माणसं. माणूस गेला तरी त्याची खाट कोणासाठी तरी कमावत होती.

मी बाणाला फोन करून उरलेले पत्ते मागून घेतले आणि तसंच चालत सुटले. एका घरी खाटेवर मुलांची दप्तरं होती. एका घरी ती बाल्कनीत उभी करून तिच्यावर गाद्या वाळत घातल्या होत्या. एका घराला कुलूप होतं आणि शेजारीण म्हणाली, आजी गेल्यावर ते लोक राहायलाच गेले दुसरीकडे. कोणी चोर नव्हतं. कोणी आलंच नव्हतं, एवढंच.

बाणाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“मॅडम, करारात ‘वापरात’ची व्याख्या आहे,” तो म्हणाला. “घरी पोचलेली आणि परत न मागितलेली. त्याप्रमाणे आपण कुठेच चुकलेलो नाही.”

“तिच्यावर इस्त्रीचे कपडे आहेत.”

“मान्य. पण आता सगळ्या एकदम हलवल्या तर प्रत्येकीचे सहा महिने पहिल्यापासून मोजावे लागतील. पुढचा हप्ता अडकेल. हप्ता आला की त्यातून अजून खाटा येतील. थोडा धीर धरायला हवा.”

“कोणी धरायचा? रंगाऱ्याच्या बायकोने?”

“कोण रंगारी?” त्याने विचारलं. खरोखरच माहीत नव्हतं त्याला. पडद्यावर दारात उभी राहिलेली माणसं दिसत नव्हती.

मग साहेबांकडे गेले. साहेबांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की मोठं चित्र बघायला शिक. मी म्हटलं, मोठं चित्र बघायला मागे सरकावं लागतं, आणि मागे सरकलं की माणसं दिसेनाशी होतात. साहेब हसले. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांचं हसणं सहन झालं नाही. दार आपटून बाहेर आले आणि तडक गॅरेज गाठलं.

सिस्टरने मला मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी फक्त एवढंच विचारलं, “त्या मुलीने सासऱ्याचं सगळं स्वतःच केलं होतं का?”

“हो. अगदी शेवटपर्यंत.”

“लाव तिला फोन.”

मी फोन लावून स्पीकरवर ठेवला. सिस्टर जुन्या दमदाटीच्या आवाजात बोलली. “हे बघ, ती खाट आज रिकामी कर. स्वच्छ धू, सांध्यांत तेल घाल. रंगाऱ्याच्या घरी पोचवायची. पत्ता सांगते. आणि नुसती टाकून येऊ नकोस. त्याला कूस बदलायला शिकव, तो बायकोला भिंतीसारखं रगडत असणार.”

पलीकडे इस्त्री खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “मला वाटलं होतं तुम्ही विसरलात आम्हाला.”

“विसरले होते,” सिस्टर म्हणाली. “पत्ता लिहून घे.”

संध्याकाळी इस्त्रीवाली आणि तिचा नवरा टेम्पोतून खाट घेऊन रंगाऱ्याकडे आले. सोबत कडक इस्त्री केलेल्या चार चादरी. रंगाऱ्याने इस्त्रीवालीच्या नवऱ्याच्या मदतीने बायकोला उचलून खाटेवर ठेवलं. इस्त्रीवालीने बाह्या सरसावल्या आणि तिला कुशीवर वळवून पाठ बघितली. मीही बघितली. जे बघितलं ते लिहीत नाही, कारण अशा जखमांचं वर्णन करून पैसे मागायची मला सवय आहे आणि इथे मला ती नको आहे. एवढंच सांगते की मला त्या हिरव्या आकड्याच्या तोंडात मारावीशी वाटली.

पुढचे काही आठवडे सिस्टरने तेच केलं. फोन करायचा, दम द्यायचा, पत्ता सांगायचा. दप्तरांखालची खाट निघाली, बाल्कनीतली निघाली. अ‍ॅपला यातलं काही कळत नव्हतं, म्हणून रात्री जेवणानंतर मी एकेक खरं नाव आणि खरी तारीख त्यात भरत गेले. पडद्यावरचा आकडा लाल झाला. काउंटर कोपऱ्यात ढकलून सिस्टरने स्टूल परत आणलं.

मग फंडाचं पत्र आलं. अपेक्षित परिणाम साध्य न झाल्याने फंड बाहेर पडत आहे आणि आपली मालमत्ता ताब्यात घेत आहे. साहेबांनी मला बोलावून सांगितलं की तू निदान बाणाबरोबर जा, भांडण नको. मी गेले. भांडण हवंच होतं मला, म्हणून गेले.

गाडी गॅरेजसमोर उभी राहिली. बाण आत आला. आत दोन वॉकर आणि एक पंक्चर झालेली व्हीलचेअर होती.

“मॅडम, खाटा?”

“वापरात आहेत,” सिस्टर म्हणाली. “आता खरोखर. प्रत्येकीवर माणूस आहे. पत्ते हिच्याकडे आहेत, जा आणि उठवा.”

बाण गोरामोरा झाला, पण गेला. त्याचीही नोकरी होती. पहिला पत्ता मी मुद्दाम रंगाऱ्याचा दिला.

रंगारी घरीच होता, हाताला पांढरा रंग. त्याची बायको खाटेवर टेकून बसली होती, डोक्याकडची बाजू वर, खिडकीतून बाहेर बघत. पाठ बरीच भरून आली होती, पाय होते तसेच होते. बाणाने दारातच चपला काढल्या आणि टॅबलेट छातीशी धरून, खाली वाकून खाटेच्या पायावरचं स्टिकर तपासलं. नंबर जुळला.

“न्यायला आलात ना?” बाईने विचारलं. “मला वाटलंच. इस्त्रीवाली म्हणाली होती, कधीतरी निरोप येतो म्हणून. न्या की. माझं आता पुष्कळ बरं आहे.” मग नवऱ्याकडे वळली. “अहो, मला आधी खाली घ्या. आणि चादरी त्यांच्या बांधून द्या.”

रंगारी जागचा हलला नाही. तो माझ्याकडे बघत होता. भांडायला आलेली मी दाराशीच उभी राहिले.

बाई बाणाला समजावून सांगू लागली. “हा दांडा आहे ना, तो मध्येच अडतो. जोर नाही लावायचा, आधी थोडा मागे घ्यायचा. आणि पायाकडे उशी ठेवा, माणूस खाली घसरतो नाहीतर.” तिने त्याच्याकडे नीट बघितलं. तरुण मुलगा, उतरलेला चेहरा. तिचा आवाज मऊ झाला. “तुमच्या घरी कोण पडलंय? आई का?”

“नाही,” बाण म्हणाला. “आमच्याकडे कोणी नाही.”

“मग कोणासाठी नेताय?”

टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिच्या माहितीप्रमाणे खाट एका घरातून निघते ती दुसऱ्या घरात कोणीतरी जमिनीवर पडलेलं असतं म्हणून. दुसरं काही कारण असू शकतं हे तिच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. ती त्याच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट बघत राहिली, आणि रंगारी तिला उचलायला दोन्ही हात तिच्या खाली घालून थांबला.

बाणाने टॅबलेटकडे बघितलं, मग पंख्याकडे. मग “राहू दे, राहू दे त्यांना,” असं काहीतरी पुटपुटत तो चपला हातात घेऊनच जिना उतरला.

गाडीत बसल्यावर त्याने चपला घातल्या. मग त्याने टॅबलेट उघडला. त्या खाटेच्या नंबरासमोर एक रिकामी चौकट होती.

“मॅडम, इथे काय लिहू?”

“वापरात आहे, असं लिहा,” मी म्हटलं. “वर्षभर खोटं लिहिलंत, आज एकदा खरं लिहा.”

त्याने लिहिलं. मग ड्रायव्हरने पुढचा पत्ता विचारला, आणि मी तो सांगितला.